अदृश्याची किंमत कोण देतो?

मनुष्य जेवढे डोळ्यांनी पाहतो तेवढ्यावरच जगत नाही. पेरणी झाल्यावर मातीच्या पोटात काय चालले आहे हे शेतकऱ्यास दिसत नाही, तरी तो रात्री उठून पाटाचे पाणी धरतो. शेजाऱ्याने दिलेला शब्द हाताने चाचपता येत नाही, तरी त्याच्या भरवशावर बैल उसने दिले जातात. तेव्हा जे दिसत नाही ते खोटे, असे म्हणणारा मनुष्य त्या म्हणण्याप्रमाणे एक दिवसही वागू शकणार नाही.

खरा प्रश्न निराळाच आहे. न दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांतील कोणत्या मानाव्या आणि कोणत्या टाकाव्या, हे कशावरून ठरवावे? पिंपळावरचा मुंजा कोणास दिसत नाही. आणि विहिरीच्या पाण्यातला पटकीचा जंतूही नुसत्या डोळ्यांस दिसत नाही. एकास मानणारा अडाणी आणि दुसऱ्यास मानणारा शहाणा, असे आपण सहज बोलून जातो. पण कोणत्या आधारावर? पुस्तकात छापले आहे म्हणून की काय? पुस्तकांत खोटेही छापलेले असते. डॉक्टर सांगतो म्हणून? भगतही सांगतोच, आणि पुष्कळ गावांत डॉक्टरापेक्षा त्याच्या शब्दास अधिक मान आहे. तेव्हा उत्तर इतके सोपे नाही.

ह्या प्रश्नाचा विचार करावयास मुंबईत एक जुने घर फार उपयोगी पडते. दादर स्थानकावर उतरून परळच्या रोखाने अर्धा तास चालले, की केईएम रुग्णालय व टाटा स्मारक रुग्णालय ह्यांच्या शेजारी हाफकिन संस्थेचे आवार लागते. त्या आवारातील मुख्य इमारत म्हणजेच ते घर. पण तेथे जाण्यापूर्वी दादरकडेच क्षणभर पाहिले पाहिजे. कारण आजचे दादर हे एका अदृश्य वस्तूच्या भीतीतून वसलेले आहे, ही गोष्ट तेथील रहिवाशांपैकीही थोड्यांच्या ध्यानी असते.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी गाठीच्या प्लेगचा रोगी ओळखला. काही महिन्यांत अर्धे शहर ओस पडले. सरकारने १८९८ साली शहर सुधारण्यासाठी मुंबई इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला, आणि त्या ट्रस्टाच्या योजनेतून दादर, माटुंगा, वडाळा व शीव ह्या भागांची आखणी झाली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, त्यांतील रुंद रस्ते, घराघरांमधील मोकळी जागा आणि झाडांच्या रांगा ह्या सर्वांच्या मुळाशी प्लेग आहे. त्या वेळच्या पुष्कळ विद्वानांची अशी समजूत होती की कोंदट हवा आणि घाण ह्यांतून प्लेग उपजतो. म्हणून वारा खेळावा असे रस्ते त्यांनी आखले. ती समजूत पुढे चुकीची ठरली. तरी त्या विद्वानांची गणना आपण भगतांत करीत नाही. का करीत नाही, हे पुढे पाहू.

आता त्या घराविषयी. त्याचा आकार पाहणाऱ्यास कोड्यात टाकतो. बाहेरून ते सरकारी वाडा वाटते. परंतु त्याच्या पोटात एक प्रार्थनामंदिर दडलेले आहे. पोर्तुगिजांच्या अमलात येथे ख्रिस्ती संन्याशांचा मठ होता. १७१९ साली गव्हर्नर चार्ल्स बून ह्याच्या कारकीर्दीत इंग्रजांनी तो ताब्यात घेतला. १७७१ पासून गव्हर्नर विल्यम हॉर्नबी येथे राहू लागला, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे मुंबईच्या गव्हर्नरांचे हे निवासस्थान झाले. मठाचे मंदिर पाडले गेले नाही. त्याच्या चार भिंतींच्या कवचातच मजला घालून खाली मेजवानीची दालने व वर नाचाचे दालन करण्यात आले. जेथे संन्याशांनी गुडघे टेकले तेथे पाहुण्यांची ताटे मांडली गेली, आणि त्यांच्या डोक्यावर वाद्यांच्या तालावर पावले पडू लागली. मग १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्या पत्नी ह्याच घरी पटकीने मरण पावल्या. त्यानंतर गव्हर्नरांचे मन ह्या जागेवरून उडाले व मलबार पॉइंट हेच त्यांचे ठिकाण झाले. १८९९ साली घर पुन्हा उघडले, ते प्लेगाच्या प्रयोगशाळेसाठी. मठ, राजवाडा आणि प्रयोगशाळा, असे तीन जन्म एकाच भिंतींनी घेतले. आज त्याच इमारतीत संस्थेचे संग्रहालय आहे.

अशा वास्तूस भुताची एखादी गोष्ट चिकटल्यावाचून राहत नाही. कोणी जुन्या संन्याशाच्या सावलीचे नाव घेतो, कोणी पटकीने गेलेल्या बाईसाहेबांचे. ही कुजबूज फार पुसट आहे. सांगणाऱ्याने स्वतः काही पाहिलेले नसते; त्याने कोणाकडून तरी ऐकलेले असते, आणि तो कोणीतरी आणखी कोणाचे तरी नाव सांगतो. मी ते घर पाहिले तेव्हा मलाही असे वाटले, की त्या जाड भिंतींजवळ संध्याकाळी एकट्याने उभे राहिले तर मनुष्याचे पाऊल आपोआप हळू पडेल. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. जागेस इतिहास असला म्हणजे मन आपल्या परीने त्याची जाणीव घेते. पण मनास जाणवलेली भीती निराळी, आणि त्या भीतीपुढे नारळ फोडणे निराळे.

भुताच्या गोष्टी सर्वस्वी टाकाऊ असतात असेही मी म्हणत नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याची गोष्ट महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? ३० ऑगस्ट १७७३ रोजी तरुण पेशवा नारायणराव ह्याचा तेथे गारद्यांनी खून केला. आणि त्याची काकास मारलेली हाक आजही रात्री ऐकू येते, असे लोक सांगतात. त्या गोष्टीत एक सत्य आहे. अन्यायाने सांडलेले रक्त समाज लवकर विसरत नाही, हे ते सत्य. परंतु ह्याच खुनाची आठवण दुसऱ्या एका मनुष्याने निराळ्या रीतीने ठेविली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी चौकशी केली, राघोबादादा दोषी आहेत असे त्यांच्या तोंडावर सांगितले, आणि पद सोडून ते निघून गेले. हाक ऐकू येते असे म्हणणाऱ्यास त्या म्हणण्यापायी काहीच सोसावे लागत नाही. अंगावर काटा येतो आणि मनुष्य घरी जाऊन जेवतो. रामशास्त्र्यांना सत्यापायी आपले पद द्यावे लागले. दोघेही एकाच घटनेची साक्ष देतात, पण एकाची साक्ष फुकटची आहे आणि दुसऱ्याने तिची किंमत स्वतः भरली आहे.

हा भेद ध्यानी धरून आपण परळच्या घराकडे परत येऊ; कारण ह्या घरात एका पुसट भुताबरोबर दुसरे एक अदृश्यही राहत होते, आणि ते भुतापेक्षा फार भयंकर होते.

वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा शहरी १८६० साली जन्मलेले यहूदी गृहस्थ. पॅरिस येथे पाश्चर ह्यांच्या संस्थेत असता त्यांनी पटकीवरील लस तयार केली, आणि १८९२ साली ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. प्लेग सुरू झाल्यावर त्यांना मुंबईस बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व तिच्यापुढील पडवी मिळाली. मदतीस एक कारकून व तीन शिपाई. तीन महिन्यांत प्लेगाची लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी ती स्वतःस टोचून घेतली, आणि तीही इतरांस पुढे देण्यात आली त्याच्या कितीतरी पट मात्रेने. त्यांना ताप चढला, अंग दुखले, व ते बरे झाले. तेव्हा कोठे त्यांनी दुसऱ्यांच्या दंडास सुई लावण्याचे मनात आणले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी सुमारे अर्ध्यांना लस देण्यात आली. ते स्वेच्छेने पुढे आले होते असे नमूद आहे. ज्यांनी लस घेतली नव्हती त्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला व ६ मेले. ज्यांनी घेतली होती त्यांपैकी दोघांस झाला व कोणी मेला नाही. येथे एक गोष्ट मोकळेपणाने म्हटली पाहिजे. ज्याच्या कोठडीस बाहेरून कुलूप आहे, त्याच्या होकारास कितपत स्वेच्छा म्हणावे? तो प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे, आणि लसीचा गुण आला एवढ्याने तो मिटत नाही. परंतु हाफकिन ह्यांच्या बाजूने इतके खरे की, कैद्यांपुढे जे ठेविले ते त्यांनी आधी स्वतःवर अनुभवले होते.

त्या प्रयोगात आपल्या लोकांनी शिकण्यासारखी आणखी एक रीत आहे. हाफकिन ह्यांनी लस घेऊन वाचलेलेच तेवढे मोजले नाहीत. लस न घेतलेलेही मोजले, आणि लस घेऊन आजारी पडलेले ते दोघेही लपविले नाहीत. उलटपक्षी गावातला भगत काय करितो ते पाहा. पुष्कळ सापांस विष नसते. विषारी सापही दर वेळी पुरते विष सोडतो असे नाही. असा मनुष्य मंत्र टाकला तरी वाचतो आणि न टाकला तरी वाचतो. तो वाचला म्हणजे भगताचा गुण. आणि ज्यास नागाने अगर घोणसाने खरोखर विष दिले तो मेला, म्हणजे त्याचे आयुष्य सरले होते किंवा घरच्यांनी विटाळ केला होता. भगताच्या वहीत वाचलेल्यांचे पान आहे, मेलेल्यांचे पान नाही. ज्या श्रद्धेस दोन्ही पाने मांडण्याचे धैर्य नाही, ती श्रद्धा उजेडास भिते.

तर न दिसणाऱ्या गोष्टीस लावावयाची पहिली कसोटी ही: ती उजेडात यावयास तयार आहे काय? ह्यावरूनच दादरचे रस्ते आखणारे विद्वान भगतांहून निराळे कसे, हेही कळते. त्यांची हवेविषयीची समजूत चुकली होती, पण ती तपासण्याची वाट बंद नव्हती. १८९८ साली कराची येथे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने दाखविले, की मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा प्लेग नेतात. पुष्कळांनी त्याची थट्टा केली. पण काही वर्षांनी परळच्या ह्याच आवारात खोपटी बांधून ती गोष्ट पडताळून पाहण्यात आली. पिसवा असलेल्या जागी गिनीपिग पिंजऱ्यांत ठेविले. काही पिंजरे जमिनीलगत, आणि काही पिसवेची उडी पोहोचणार नाही इतके उंच टांगलेले. हवा सर्वांस एकच. खालचे आजारी पडले, वरचे धड राहिले. एवढ्याशा पिंजऱ्याने मोठमोठ्या विद्वानांचे जुने मत खाली बसविले, आणि विद्वानांनी ते बसू दिले. चूक होणे हा अंधविश्वास नव्हे. चूक दाखविली असता पाहावयास नकार देणे, हा अंधविश्वास होय.

परंतु ही एकच कसोटी पुरेशी नाही. कारण खरी असलेली गोष्टही मनुष्याच्या हाती जुलूम होऊ शकते. त्याच प्लेगाच्या दिवसांत ह्याचे दाखले पावलोपावली घडले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांत शिपाई शिरू लागले. रोगी असल्याचा संशय येताच मनुष्यास बळजबरीने नेण्यात येऊ लागले. स्त्रियांची तपासणी परक्या पुरुषांनी केली. अंथरुणे व भांडीकुंडी बाहेर काढून जाळली. लोकांत अफवा उठली, की इस्पितळात माणसास उलटे टांगून त्याच्या अंगातून मोमियाई काढतात. त्यापूर्वीच, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. पुण्यात प्लेग कमिशनर रँड ह्याच्यावर २२ जून १८९७ रोजी गोळी झाडली गेली.

मोमियाईची गोष्ट खोटी होती. पण ती सांगणाऱ्यांस केवळ मूर्ख म्हणून आपण सुटत नाही. त्यांच्यापुढे काय होते? रोगाचा जंतू त्यांस दिसत नव्हता. दिसत होता तो बंदूकधारी शिपाई, आणि इस्पितळात गेलेला बाप परत न आलेला. सरकार ज्या अदृश्यावर विश्वास ठेवीत होते ते अदृश्य खरे होते. पण त्या विश्वासाची किंमत सरकार स्वतः भरीत नव्हते. ती गरिबाच्या अब्रूतून व अंथरुणातून वसूल होत होती. दुसऱ्याकडून बळाने वसूल केलेले सत्य लोकांस भुतासारखेच दिसते.

ह्याच्या उलट त्याच वर्षी पुण्यात काय घडले ते पाहा. सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत ह्यांनी हडपसरजवळील ससाणे मळ्यात प्लेगाच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलास गाठ आली हे कळताच सावित्रीबाईंनी त्यास स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणले. ते मूल वाचले. सावित्रीबाईंना प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्या मरण पावल्या. त्यांच्या पाठीवरच्या मुलास सूक्ष्मदर्शक यंत्र ठाऊक नव्हते. पण ही बाई आपले काळीज काढावयास आली आहे, असे त्याच्या आईस वाटले असेल काय? रोग एकच, वर्ष एकच. एकीकडे शिपायाच्या बुटांनी जंतूची बातमी आणली, दुसरीकडे एका बाईच्या पाठीने.

म्हणून दुसरी कसोटी मी अशी मांडतो: जे अदृश्य मी मानतो, त्याची किंमत कोण देतो? मी देतो, की माझ्याहून दुबळ्या असलेल्या कोणास द्यावी लागते?

ही कसोटी शिकलेल्यांसही लावावी लागते, हे परळच्या घराच्या इतिहासातील सर्वांत दुःखाच्या प्रकरणावरून कळते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल ह्या गावी १०७ लोकांस परळची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने मेले. दोष कोणाचा? चौकशी झाली आणि ठपका परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन ह्यांच्यावर आला. त्यांना काम सोडावे लागले व १९०४ साली ते देशाबाहेर गेले. वास्तविक पुराव्यात असे होते, की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला. बाटली आधीच नासलेली असती तर तिला दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. हे सारे कागदावर असूनही त्याचा अर्थ लावावयास वर्षे लागली. अखेर १९०७ साली रोनाल्ड रॉस व इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात उघड पत्र लिहिले. लिस्टर संस्थेनेही पुरावा तपासला होता. आणि हाफकिन निर्दोष ठरून त्यांना पुन्हा कामावर घेण्यात आले.

वाचकहो, ह्या प्रकरणात गावातील कोणती रीत दिसते ती ओळखा. गावात लागोपाठ दोन मुले दगावतात. कारण दिसत नाही. दुःख मोठे असते आणि ते कोठेतरी टेकवावयाचे असते. तेव्हा ज्या बाईच्या पाठीशी कोणी नाही, अशी एखादी विधवा शोधून काढतात आणि हिनेच करणी केली असे ठरवितात. मुल्कोवालात मेलेली १९ माणसे खरी होती, त्यांच्या घरचा आकांत खरा होता. पण त्या आकांतास लवकर एक नाव हवे होते, आणि सूक्ष्मदर्शक यंत्रे बाळगणाऱ्या लोकांनीही हाती लागले ते परक्या माणसाचे नाव घेतले. शिक्षणाने मनुष्याची ही खोड आपोआप जात नाही. ती जावयास कोणीतरी पुन्हा पुरावा उघडून बसावे लागते, आणि ठपका ठेवणाऱ्यास आपला निकाल मागे घेण्याचे धैर्य व्हावे लागते.

कोणी म्हणेल, सर्व अदृश्य गोष्टी पिंजरे टांगून तपासता येतात काय? आईची माया कोणत्या यंत्रात पाहावी? सदसद्विवेक कोणत्या बाटलीत भरावा? आक्षेप योग्य आहे. अशा गोष्टींस पहिली कसोटी त्याच रूपाने लागत नाही. तरी त्यांनाही उजेडाची भीती नसते. थोमा शिष्याने घाय पाहिल्यावाचून मी मानणार नाही असे म्हटले, तेव्हा त्यास बाहेर घालविण्यात आले नाही; त्याच्यापुढे हात पुढे करण्यात आले. आणि दुसरी कसोटी तर अशा गोष्टींस पुरती लागते. आईची माया खरी, हे आपण कशावरून ओळखतो? ती स्वतः उपाशी राहून मुलास भरविते ह्यावरून. जी माया मुलाच्या ताटातले काढून स्वतः खाते, तिला कोणी माया म्हणत नाही. न दिसणाऱ्यावरील खरी श्रद्धा मानणाऱ्याच्या खिशातून, झोपेतून, प्रसंगी प्राणातून किंमत भरते. खोटी श्रद्धा ती किंमत नेहमी दुसऱ्याच्या नावे लिहिते.

आता ह्या दोन कसोट्या घेऊन आपापल्या गावी या. भुताची भीती आपल्या मंडळ्यांच्या उंबऱ्यापाशी थांबली आहे असे समजू नका. पोरास झटके येतात, आणि देवळात जाण्याचे सोडलेले घरही अमावास्येच्या रात्री गुपचूप भगताकडे जाते. सून हसता हसता रडू लागली की तिला झाड धरले म्हणतात, आणि झाड उतरविण्याच्या नावाखाली तिला छडीने मारतात. येथे उपदेशक बंधूंनी भूत आहे की नाही ह्या वादात तास घालविण्याचे कारण नाही. दोन प्रश्न विचारावे. हे भूत चार माणसांसमोर, डॉक्टरासमोर, उजेडात तपासू द्याल काय? आणि ह्या भुतापायी मार कोण खाते? भगत खातो? पाटील खातो? की ती मुकी सून? दर खेपेस मार खाणारे माणूस घरातले सर्वांत दुबळेच निघत असेल, तर भूत कोठे बसले आहे हे कळावयास मंत्राची गरज नाही.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात खून झाला. त्यांनीही आपल्या म्हणण्याची किंमत स्वतः दिली. त्या कायद्याप्रमाणे भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे, कोणी करणी करितो असे भासवून त्याचे जिणे कठीण करणे, आणि साप, विंचू अगर कुत्रा चावला असता दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडे करणे, हे गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा आहे. हे आपल्या लोकांस तोंडपाठ असावे. पण कायदा म्हणजे पुन्हा शिपायाची वाट, हेही विसरू नये. प्लेगाच्या दिवसांचा धडा असा, की खरी गोष्टही आधी कोणाच्या तरी पाठीवरून घरात यावी लागते. साप चावलेल्या मुलाच्या बापास नुसते अडाणी म्हणून हिणवाल, तर तो भगताकडेच जाईल. रात्री दोन वाजता गाडी मिळवून त्याच्याबरोबर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जाल, तर पुढच्या खेपेस तो तुमच्या दारी येईल.

परळच्या त्या घराचे नाव अशा प्रसंगाशीही जडले आहे. प्लेगाच्या प्रयोगशाळेस १९२५ साली हाफकिन ह्यांचे नाव देण्यात आले. हाफकिन १९३० साली लोझान येथे वारले. सापाच्या विषावरील औषधासाठीही ती जागा प्रसिद्ध झाली. ते औषध करण्याची रीत अशी, की घोड्यास विषाची अगदी थोडी मात्रा देत देत त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार उत्पन्न करितात, आणि त्या रक्तातून औषध काढितात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चारही सापांच्या विषावर ते चालते. गावातला ज्येष्ठ मनुष्य ज्याच्या नावाने धागा बांधतो तो पीर किंवा वीर दिसत नाही. ह्या बाटलीत काय आहे तेही दिसत नाही. पण बाटलीपाठीमागे मोजलेली दोन पाने आहेत, वाचलेल्यांचे आणि मेलेल्यांचेही.

ते घर पाहावयास जाल तेव्हा भुताची चौकशी करण्यात हरकत नाही. अशा गोष्टी ऐकावयास गंमत वाटते, आणि संन्याशांच्या भिंतींमध्ये गव्हर्नरांनी नाच केला ह्याची आठवण एखाद्या पुसट सावलीच्या रूपाने उरली, तर त्यात कोणाचे नुकसान नाही. ज्या भुतापायी कोणी मार खात नाही ते भूत खुशाल राहो. पण त्याच छपराखाली मनुष्याने एका न दिसणाऱ्या शत्रूस ओळखले, चुकला, पुन्हा तपासले, एका निरपराध्यास दोषी ठरविले आणि अखेर तो निकाल फिरविला, हे मनात ठेवून परत यावे. आणि गावी आल्यावर ज्या कोणाच्या नावाने करणीची कुजबूज चालू असेल, तिच्या ओसरीवर दिवसाढवळ्या, सर्वांच्या देखत, जाऊन बसावे व तिच्या हातचे पाणी प्यावे.